पाहुण्याची हाक, यजमानाची घंटा



सान्नोमियाहून विमानतळाकडे पोर्टलायनरने जाताना 'केइसान कागाकू सेंटर' हे स्टेशन लागते. २०११ पासून दहा वर्षे त्याचे नाव 'केइ कॉम्प्युटर माए' म्हणजे 'केइ संगणकासमोर' असे होते. तिथल्या रिकेन संस्थेतला केइ संगणक २०११ साली जगात पहिला आला होता. ऑगस्ट २०१९ मध्ये तो बंद झाला, त्याच्या जागी फुगाकू आला, आणि २०२१ साली स्टेशनची पाटी बदलावी लागली. नव्या नावाचा अर्थ 'संगणन विज्ञान केंद्र'. उद्या फुगाकू जाऊन तिसरा संगणक आला तरी ही पाटी चालेल.

आम्ही मोठ्या गटातली मुले या अंकात जे लिहीत आहोत, ते या पाटीसारखेच आहे. यंत्र बदलले की काय बदलते आणि काय तसेच राहते, हे आधीच वेगळे करून ठेवायचे.

एका मोठ्या संगणकात अनेक संगणक असल्याचा आभास निर्माण करता येतो. हे काम करणाऱ्या प्रणालीला हायपरव्हायजर म्हणतात. ती यजमान, आणि तिच्याकडे उतरलेला प्रत्येक आभासी संगणक म्हणजे पाहुणा. पाहुण्याला वाटते, सगळे घर आपलेच. पण काही गोष्टी यजमानाला सांगितल्याशिवाय होत नाहीत. उदाहरणार्थ, 'माझा दुसरा प्रोसेसर झोपला आहे, त्याला उठवा.' अशा विनंतीला हायपरकॉल म्हणतात. केव्हीएम नावाच्या हायपरव्हायजरमध्ये या उठवण्याच्या विनंतीचा क्रमांक ५ आहे.

विनंती करायची रीत सोपी आहे. प्रोसेसरच्या आत रजिस्टर नावाचे छोटे कप्पे असतात. त्यांतल्या एकात विनंतीचा क्रमांक ठेवायचा, बाकीच्यांत तपशील ठेवायचा आणि मग घंटा वाजवायची. ही घंटा म्हणजे प्रोसेसरची एक खास आज्ञा. गंमत अशी, की प्रत्येक घरी घंटा वेगळी! इंटेलवर तिचे नाव 'व्हीएमकॉल', एएमडीवर 'व्हीएमएमकॉल', आणि आर्म प्रोसेसरवर 'एचव्हीसी'. इंटेल आणि एएमडी यांच्या बाकीच्या आज्ञा बहुतेक सारख्याच असतात, पण इथे मात्र दोघांनी वेगळी घंटा निवडली.

इंटेलची घंटा एएमडीवर वाजवली तर प्रोसेसर 'ही आज्ञा मला माहीत नाही' असे म्हणून काम थांबवतो. दोन्ही आज्ञा तीन-तीन बाइटच्या आहेत, त्यामुळे केव्हीएम इथे पाहुण्याला सांभाळून घेऊ शकते. ते पाहुण्याच्या कोडमधली चुकीची आज्ञा खोडून त्याच जागी बरोबर आज्ञा लिहिते. पण पाहुण्याची स्मृती कुलूपबंद असेल, म्हणजे यजमानालाही वाचता येणार नाही अशा सांकेतिक रूपात असेल, तर यजमान काय दुरुस्त करणार? म्हणून शहाणा पाहुणा सुरुवातीलाच आपण कोणाकडे उतरलो आहोत हे पाहतो आणि योग्य ती घंटा निवडतो.

आता ही निवड कोडमध्ये कुठे लिहायची? जिथे जिथे हाक मारायची तिथे तिथे 'इंटेल असेल तर ही, एएमडी असेल तर ती' असे लिहिले, तर तिसरा प्रोसेसर आल्यावर सगळी पाने शोधत बसावे लागेल. एक जरी जागा नजरेतून सुटली तरी घोटाळा होणार. त्यापेक्षा घंटा एकाच कप्प्यात ठेवावी. बाकीच्या कोडने फक्त म्हणावे, 'यजमानाला पाचवी विनंती कळवा.' कशी कळवायची ते तो कप्पा पाहील.

केव्हीएमची वाटचाल अशीच झाली. फेब्रुवारी २००७ मध्ये लिनक्सच्या २.६.२० आवृत्तीत ते आले, तेव्हा ते इंटेल आणि एएमडीपुरतेच होते. एप्रिल २००८ मधल्या २.६.२५ आवृत्तीत त्यांचे खास कोड वेगळ्या कप्प्यात गेले आणि सामाईक कोड बाजूला झाले. लगेच जुलै २००८ मधल्या २.६.२६ मध्ये आयबीएमचे मोठे संगणक, पॉवरपीसी आणि इटेनियम हे प्रोसेसर येऊन मिळाले. वेगळ्या कप्प्याचा आणखी एक फायदा निघतानाही दिसतो. इटेनियम मागे पडला, तेव्हा लिनक्समधला त्याचा सगळा कप्पा जानेवारी २०२४ मधल्या ६.७ आवृत्तीत काढून टाकता आला. शेजारच्या कप्प्यांचे काम सुरूच राहिले.

आपल्या कोबेतही असेच एक काम झाले आहे. रिकेनच्या संशोधकांनी मॅककर्नेल नावाची एक छोटी प्रणाली विकसित केली. ती हायपरव्हायजर नाही. ती लिनक्सच्या शेजारी, त्याच यंत्रातल्या वेगळ्या प्रोसेसर-गाभ्यांवर चालते. स्मृतीची वाटणी वगैरे नेहमीची कामे ती स्वतः करते. फाइल उघडण्यासारखी कामे मात्र हाक मारून लिनक्सकडे सोपवते. तिकडे लिनक्समध्ये तिचा एक प्रतिनिधी ती कामे करून देण्यासाठी थांबलेला असतो. पाहुणा-यजमानाचेच हे दुसरे रूप.

मॅककर्नेल आधी इंटेलच्या प्रोसेसरांवर चालत होते. फुगाकूचा प्रोसेसर मात्र आर्म जातीचा. घंटा वेगळी, आणि विनंत्यांचे क्रमांकही वेगळे! 'लिहा' या विनंतीचा क्रमांक इंटेलवर १, तर आर्मवर ६४. फाइल 'उघडा' ही जुनी विनंती इंटेलवर २ क्रमांकाची. आर्मवर ती मुळी नाहीच, तिथे ५६ क्रमांकाची नवी 'अमुक ठिकाणची उघडा' ही विनंती वापरावी लागते. म्हणून मॅककर्नेलच्या कोडमध्ये इंटेलचा एक कप्पा आहे आणि आर्मचा एक.

हे समजून घेताना आमच्यात एक वाद झाला. तो या लेखाइतकाच महत्त्वाचा वाटतो, म्हणून सांगतो. आमच्यापैकी काहींची घरे बाबांच्या किंवा आईच्या बदलीमुळे पुन्हा दुसऱ्या देशात जाणार आहेत. मग आमच्या घरातल्या कोणत्या गोष्टी 'कोबेच्या कप्प्यात' आणि कोणत्या 'सामाईक'? कचरा कोणत्या वारी टाकायचा, हा कोबेचा कप्पा. शेजारच्या आजींना 'सुमिमासेन' म्हणून हाक मारणे, हीसुद्धा कोबेची घंटा. पण मोठ्यांचा मान ठेवायचा म्हणून हाक मारायची, ही गोष्ट पुण्यातही तीच आणि कोबेतही तीच. घरात शिरताना चपला काढणे दोन्हीकडे आहे, म्हणून ते सामाईक.

आणि मराठी? काही जण म्हणाले, ती 'भारताच्या कप्प्यात'. तिकडे गेलो की उघडू. आम्हा बाकीच्यांना हे पटले नाही. देशाच्या कप्प्यात ठेवलेली गोष्ट देश बदलला की बदलली जाते. मग तिसऱ्या देशात आमची धाकटी भावंडे आजीशी फोनवर कोणत्या भाषेत बोलतील? आजीला तर एकच घंटा ऐकू येते! शेवटी बहुमताने ठरले, की मराठी सामाईक भागात. शनिवारी सकाळी झोप मोडून आम्ही वर्गाला येतो, ते यासाठीच.

वाचक मित्रांनो, तुम्हीही एका कागदावर दोन रकाने आखा, 'जागेप्रमाणे बदलणारे' आणि 'कुठेही तेच'. आई-बाबांना विचारून प्रत्येकी पाच गोष्टी लिहा. ज्या गोष्टीवर घरात एकमत होणार नाही, तिच्याखाली रेघ मारा. पुढच्या अंकात आम्ही रेघ मारलेल्या गोष्टीच छापणार आहोत.

— मोठा गट