गॅस वाढला तेव्हा

आमच्या प्लांटच्या सगळ्यात वाईट महिन्याची सुरुवात एका चांगल्या बातमीने झाली. गॅस वाढला होता.

प्लांट छोटाच. पन्नास घनमीटरची बंद टाकी, म्हणजे डायजेस्टर. रोज ५०० किलो खरकटं दळून, तेवढंच पाणी घालून आत सोडायचं. आत हवा नाही, सोलरच्या गरम पाण्याने राखलेली ३५ अंशांची ऊब आहे. जो गॅस निघतो, त्यावर शेजारच्या वसतिगृहात दीडशे मुलांचा स्वयंपाक होतो. मायक्रोबायोलॉजी करून मी इथे लागलो, तेव्हा कॉलेजचे मित्र विचारायचे, "म्हणजे तू नेमकं काय करतोस?" मी सांगायचो, "टाकीला जेवायला घालतो."

तुळशीचं लग्न झालं आणि लग्नसराई लागली. कार्यालयांमधून टेम्पो भरून माल यायला लागला. श्रीखंड, जिलेबी, पुऱ्या. ५००चे ८०० किलो झाले. आमच्याकडे हाताखाली असलेले मामा म्हणाले, "साहेब, परत पाठवू या." पण मीटरवर गॅस चढत होता. मी ग्रुपवर फोटो टाकला, मालकांनी अंगठा दिला. पीएच ७.२. मग काळजी कसली?

टाकीत दोन प्रकारचे कामगार असतात असं समजा. पहिले गोड-तेलकट फोडून त्याची आम्लं करतात. हे झपाट्याने वाढतात. दुसरे त्या आम्लांपासून मिथेन करतात. त्यांची संख्या दुप्पट व्हायला कित्येक दिवस लागतात. खाणं अचानक वाढवलं की पहिले जोरात सुटतात, दुसरे मागे पडतात, आणि मधे आम्ल साचत जातं. गॅस सुरुवातीला वाढतो, पण त्यात कार्बन डायऑक्साइडच जास्त असतो. पीएच मात्र लगेच हलत नाही, कारण स्लरीतली अल्कलिनिटी ते आम्ल पोटात घेत राहते. ती संपली की पीएच एकदम कोसळतो.

म्हणून आम्ल आणि अल्कलिनिटी यांचं गुणोत्तर तपासायचं असतं. ते साधारण ०.३ च्या आसपास राहिलं की बरं. टायट्रेशनला अर्धा तास लागतो. त्या आठवड्यात माझ्याकडे अर्धा तास नव्हता.

पहिला फोन वसतिगृहातल्या मावशींचा आला. "दादा, ज्योत उडतीये. भाकरी शेकंना." मी म्हटलं, बर्नर साफ करा. दुसऱ्या दिवशी टाकीजवळ उभ्या मामांनी नाक वर केलं. "आंबट वास येतोय." तेव्हा कुठे मी टायट्रेशन केलं. ०.९. दोन दिवसांनी पीएच ६.३ वर होता आणि शेगडी पेटेना.

मग करण्यासारखं एकच होतं: काही न करणं. खाणं पूर्ण बंद. अंदाज घेत थोडा-थोडा सोडा. गोशाळेच्या चालू बायोगॅसमधून दोन टँकर स्लरी आणली, म्हणजे उसने जिवाणूच. आठ दिवसांनी १०० किलो, मग गुणोत्तर बघून थोडं वाढवत नेलं. तब्येत सुधारायला २६ दिवस लागले. तोवर वसतिगृहाने सिलिंडर आणले आणि दोन दिवस तर मावशींनी चुलीवर भाकऱ्या केल्या. त्यांचे डोळे लाल झालेले मी पाहिले. त्या काही बोलल्या नाहीत, हे जास्त लागलं.

मीटर खोटं बोलत नव्हता. गॅस खरंच वाढला होता. मी फक्त जो आकडा बघायला आवडत होता तोच बघत होतो, आणि माझ्याआधी ज्यांना कळलं होतं त्यांच्याकडे कुठलंच मीटर नव्हतं.

आता रोज सकाळी चहाआधी टायट्रेशन होतं. आकडा फळ्यावर मामा लिहितात. ०.४ च्या वर गेला की टेम्पो परत पाठवायचा अधिकारही त्यांचाच. शेजारी एक रकाना मावशींसाठी आहे. परवा त्यात फक्त एक शब्द होता: "निळी."