नारळाने तारलं!

‘‘आडनाव कोकणी, बोलणं आमच्यासारखंच, मग तुम्ही ज्यू कशा?’’ शाळेतल्या नोकरीच्या पहिल्या दिवसापासून निवृत्तीच्या समारंभापर्यंत मी या प्रश्नाचं उत्तर देत आले आहे. आम्ही बेने इस्रायल. आमचे पूर्वज जहाज फुटून अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्याला लागले, अशी आमच्यातली आख्यायिका. पुढे त्यांनी कोकणात तेलाचे घाणे चालवले. शनिवारी घाणा बंद, म्हणून गावाने नाव ठेवलं ‘शनिवार तेली’. एवढं सांगून झालं की बायकांचा पुढचा प्रश्न हमखास स्वयंपाकाचा. ‘‘तुमच्यात काय काय चालत नाही हो?’’

यादी खरं तर फार मोठी नाही. रवंथ करणाऱ्या आणि दुभंगलेले खूर असलेल्या जनावराचंच मटण चालतं. मासे खवले आणि पर असलेलेच. रक्त पोटात जाता कामा नये. आणि मटणाबरोबर दूध, दही, तूप, लोणी यांतलं काहीही नाही, भांडीसुद्धा वेगळी. या नियमांत बसणाऱ्या अन्नाला ‘कोशेर’ म्हणतात. आमच्या दारावर येणाऱ्या कोळणीला हे सगळं पाठ होतं. कोलंबी आणि चिंबोरी ती टोपलीच्या तळाशी झाकून ठेवायची आणि पापलेट, बोय तेवढे वर काढायची. ‘‘तुझ्या देवाचं हे घे,’’ म्हणायची.

लग्न होऊन मी रायगड जिल्ह्यातल्या या गावात आले ती १९७६ साली. तेव्हा आमची दहा-बारा घरं होती. मशिदीत (सिनेगॉगला आम्ही मशीदच म्हणतो) प्रार्थना सांगणारे हज्जान होते आणि कोंबडं-बकरं कापायचा अधिकारही त्यांनाच होता. हत्यार कसं असावं, मान कशी कापावी, याचे नियम असतात; कोणीही कापून चालत नाही. मग मटण घरी आलं की अर्धा तास पाण्यात, तासभर मीठ लावून, तीनदा धुऊन, तेव्हा कुठे फोडणीला! नव्या सुनेला हा सगळा सोपस्कार सासूबाईंनी दोन दिवसांत शिकवला.

१९७९ साली हज्जान सहकुटुंब इस्रायलला गेले. त्याआधी आणि त्यानंतरही घरं एकेक करून रिकामी होत होतीच. पण हज्जान गेले आणि आमच्या घरातलं मटणच बंद झालं. दोन महिने झाले, तीन झाले. आमच्या यांना मटणाशिवाय घास उतरत नसे. एका रविवारी ते म्हणाले, ‘‘बाजारातला खाटीक काय वाईट आहे? देव काय दुकानाची पाटी वाचतो?’’ सासूबाई रागावल्या नाहीत. ‘‘तुम्ही आणा, खा. माझ्यासाठी एक पातेलं तेवढं वेगळं ठेवा,’’ एवढंच बोलल्या.

मला ते वेगळं पातेलं सोसेना. एकाच घरात म्हातारीचं पातेलं निराळं आणि आमचं निराळं, हे कसलं घर? धर्माचं मला फार कळत होतं असं नाही, पण त्या रात्री मी यांना सांगून टाकलं, ‘‘मला सहा महिने द्या. रोज असं काही रांधीन की मटणाची आठवण येणार नाही. नाही जमलं, तर खाटकाकडे मी स्वतः जाईन.’’

माशाला कापण्याचा नियम नाही, ही पहिली सोय. पण रोज तोच रस्सा कोण खाणार? मी हिरव्या वाटणाची करी करू लागले. अर्धी वाटी ओलं खोबरं, मूठभर कोथिंबीर, चार हिरव्या मिरच्या, आठ लसणीच्या पाकळ्या, आल्याचा तुकडा, थोडं जिरं, सगळं गंधासारखं बारीक वाटायचं. कांदा तेलात परतून त्यावर वाटण, दोन आमसुलं, मग पापलेटचे तुकडे आणि शेवटी नारळाचं घट्ट दूध. दूध घातल्यावर उकळी फुटू द्यायची नाही. ही करी निवल्यावर जास्त चांगली लागते, आणि मला नेमकं तेच हवं होतं. शुक्रवारी सूर्य मावळला की शब्बाथ सुरू होतो. शनिवारी रात्र होईपर्यंत आम्ही चूल पेटवत नाही. थंडीच्या दिवसांत मी शाळेतून साडेपाचला घरी, आणि सूर्य सहाच्या सुमाराला समुद्रात! म्हणून वाटण गुरुवारीच करून ठेवायचं. शुक्रवारी आल्या आल्या भात लावायचा आणि पातेलं गोधडीत गुंडाळून ठेवायचं. काळे मनुके दुपारपासून पाण्यात असत. ते कुस्करून गाळले की प्रार्थनेच्या प्याल्यात द्राक्षांचं सरबत तयार.

एरवीच्या दिवशी अंड्यांचा रस्सा. अंडं मात्र आधी वाटीत एकेक फोडून बघायचं. रक्ताचा ठिपका दिसला तर टाकून द्यायचं. चांगलं असेल ते अलगद उकळत्या रश्श्यात सोडायचं.

खरी मजा फणसाने केली. आठळ्या धरलेला कच्चा फणस हाताला तेल लावून चिरला, वाफवला आणि त्याला अस्सल मटणाचंच वाटण लावलं. भाजलेलं खोबरं, कांदा, धणे, बडीशेप, खसखस. हे दुसऱ्यांदा वाढून घेऊ लागले तेव्हा मी जिंकले! आता दूधदुभत्याचं बंधन नाही, म्हणून मी ऐटीत बाजूला दह्यातली कोशिंबीर वाढली. सासूबाईंचा हात थांबला. ‘‘अगं, बघणाऱ्याला मटणाबरोबर दही दिसेल. लोक काय समजतील?’’ ही शंका त्यांच्या मनातली नव्हती. आमच्या शास्त्रातही ती आहे. तोडगाही त्यांनीच काढला. तळलेल्या चार आठळ्या भाजीवर दिसतील अशा ठेवायच्या. तेव्हापासून फणसाच्या भाजीवर आठळ्या हव्यातच. फणसाचे दिवस संपले की सुरण, पण सुरणाला ती सर नाही.

सहा महिने संपले आणि खाटकाचा विषय पुन्हा निघाला नाही.

सणांची चिंता मला कमी होती, कारण आमचे जुने सण बरेचसे नारळावरच उभे आहेत. अव्ह महिन्याच्या नवमीला जेरुसलेमचं मंदिर पाडलं गेलं, त्याचा कडक उपास आम्ही वालाच्या बिरड्याने सोडतो. म्हणून त्याचं नावच बिरड्याचा सण. मोड आलेले, सोललेले डाळिंबी वाल, आमसूल आणि नारळाचं दूध. नव्या वर्षानंतर खिरीचा सण, नव्या तांदळाचा. मटण जेवून उठलेल्या माणसाला दुधाची खीर चालत नाही, पण नारळाच्या दुधाची चालते. आमच्या आज्या-पणज्यांनी कोकणात बसून केवढी मोठी अडचण किती सहज सोडवली होती, हे मला हाती पळी आल्यावरच कळलं.

नव्याच्या सणाला मात्र हे पहाटेच्या एसटीने मुंबईला जात आणि तिथल्या मशिदीतून कोशेर कोंबड्या आणत. वर्षातून ती एकदाच. सासूबाई १९९४ साली गेल्या. अखेरपर्यंत त्यांचं आणि आमचं पातेलं एकच होतं.

आता गावात आमचं एकच घर. मुलगी इस्रायलमध्ये अश्दोदला असते. तिथे कोशेर मटण कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतं आणि नारळाचं दूध डब्यातून. फोनवर ती विचारते ते फणसाच्या भाजीचं, आणि फणस तर तिला तिथे सहज मिळत नाही! तिला मी मश्रूम घेऊन बघ म्हटलं आहे. जावयाला आवडली म्हणे.

आमचं नवं वर्ष बरेचदा घटस्थापनेच्या आसपास येतं. त्या दिवशीचा खरा मान चिकाच्या हलव्याचा. गहू तीन दिवस भिजवून, वाटून, गाळून काढलेला चीक नारळाच्या दुधात आणि साखरेत घालून दोन-अडीच तास घोटायचा. दंड भरून येतात. पण शेजारच्या वहिनींचे नऊ दिवसांचे उपास असतात, त्यांना गव्हाचा चालत नाही. म्हणून त्यांचा मी निराळा करते. दहा ग्रॅम चायना ग्रास पाण्यात विरघळवून गाळायचं, त्यात दोन नारळांचं दूध, पाव किलोला थोडी कमी साखर, वेलची. गरम असतानाच थाळ्यात ओतून वर बदाम-पिस्ते. निवला की शंकरपाळ्यासारख्या वड्या पाडायच्या. चायना ग्रास उपासाला चालतं की नाही, यावर वहिनींच्या सासूबाईंचं आणि माझं एकदा चांगलंच वाजलं होतं. शेवटी त्यांनी एक वडी तोंडात टाकली आणि म्हणाल्या, ‘‘चालतं.’’