भाड्याचं घर आणि बस्तीची वाट



"वहिनी, जयसिंगपुरात घर कसं मिळालं हो तुम्हाला?" हा प्रश्न एवढ्यात तिघी-चौघींनी विचारला. कुणाच्या मुलाची बदली झाली आहे, कुणाला पुराची धास्ती आहे, कुणाला शहरातलं भाडं झेपेनासं झालं आहे. एकेकीला फोनवर सांगण्यापेक्षा सविस्तर लिहावं म्हटलं.

आम्ही सांगलीत नदीच्या बाजूला भाड्याने राहत होतो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये घरात पाणी आलं, तेव्हा गाद्या, वर्षाचं धान्य, लाकडी कपाट सगळं गेलं. २०२१ च्या जुलैमध्ये पुन्हा तेच. दुसऱ्यांदा चिखल काढून झाल्यावर सासूबाई एवढंच म्हणाल्या, "आता तिसरा पूर मला दाखवू नका." यांचं कामही शिरोळच्या बाजूला, म्हणून जयसिंगपूर ठरलं. राजर्षी शाहू महाराजांनी आपल्या वडिलांच्या, जयसिंगराव घाटगे यांच्या नावाने वसवलेलं हे गाव. रस्ते सरळ, गल्ल्या नंबराच्या, नवख्या माणसालाही पत्ता लगेच सापडतो. परवडणारं घर मात्र तसं लगेच सापडत नाही.

आमच्या अटी तीनच होत्या. भाडं सात हजारांच्या आत, कारण त्यापलीकडे गेलं की मुलीच्या कॉलेजच्या फीला हात लावावा लागतो. दुसरी अट तळमजल्याची, कारण सासूबाईंचे गुडघे. तिसरी अट सगळ्यात अवघड: बस्ती चालत जाण्याच्या अंतरावर हवी. सासूबाईंचा नियम आहे, जिनदर्शन झाल्याशिवाय तोंडात पाणीसुद्धा घेत नाहीत. बस्ती दोन किलोमीटरवर असली तर रोज रिक्षा, आणि रिक्षा चुकली की दुपारपर्यंत उपाशी. घर स्वस्त मिळवून रिक्षाला महिना दीड हजार घालायचे, तर ते घर स्वस्त कसलं?

लहान गावात मोबाईलवरच्या जाहिरातींत फारसं काही नसतं. दलाल असतात, पण ते एक महिन्याचं भाडं घेतात आणि आधी महागडी घरं दाखवतात. आम्हाला खरी माहिती मिळाली ती बस्तीतल्या पंडितांकडून, दूधवाल्याकडून आणि एका किराणा दुकानातल्या मावशींकडून. कुठलं घर रिकामं होणार आहे हे किराणा दुकानात आधी कळतं, कारण उधारी मिटवायला लोक तिथेच येतात!

अकरा घरं पाहिली. एक नवा फ्लॅट सुरेख होता, पण तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. एक बैठं घर पाच हजारांना मिळत होतं, पण सांगली-कोल्हापूर रस्ता ओलांडून बस्तीला जायचं. त्या रस्त्यावरून उसाचे ट्रॅक्टर सुटले की आपल्यालाही धडकी भरते, सासूबाईंना कसं पाठवणार?

घर पाहायला जाताना काय पाहायचं, ते माझ्या अनुभवावरून सांगते. संध्याकाळी पाचला जा. आपल्याला सूर्यास्ताच्या आत जेवणं उरकायची असतात. स्वयंपाकघरात पाचलाच दिवा लावावा लागत असेल, तर रोज दिव्याभोवतीच्या किड्यांत स्वयंपाक होणार. सकाळी अकराला सगळीच घरं उजेडाची दिसतात.

दुसरं पाणी. नळाला पाणी किती वाजता, किती वेळ येतं हे मालकाला नको, शेजारणीला विचारा. बोअर असेल तर तोटीला दुहेरी कापड बांधायला जागा आहे का पाहा. ज्यांच्या घरी चौका लागतो, त्यांनी आड असलेलं जुनं घर सोडू नये. गाळल्यावरची जीवानी जिथलं पाणी तिथेच परत सोडता येते. हे फ्लॅटमध्ये कुठून होणार?

तिसरं, विजेचा मीटर स्वतंत्र आहे का. नसेल तर युनिटचा दर आधीच ठरवा. चौथं, भिंतीवर पुराची खूण आहे का, आणि २०१९ ला या गल्लीत पाणी कुठवर होतं, हे तिथल्या दोन तरी जुन्या माणसांना विचारा.

आणि करार. लहान गावात "स्टॅम्पवर लिहून टाकू" किंवा "आपल्याच माणसांत कागद कशाला?" असं सर्रास म्हणतात. पण महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, अकरा महिन्यांचा असला तरी. नोंदणी करून घेण्याची जबाबदारी मालकाची आहे, आणि ती आता ऑनलाइनही होते. अनामत किती, परत कधी, रंगाचे पैसे कापणार का, सगळं त्यात लिहून घ्या. आपल्या माणसांत तर कागद जास्तच हवा, म्हणजे पुढे बस्तीत समोरासमोर आल्यावर तोंड फिरवावं लागत नाही.

आता जे सांगायचं आहे, ते जरा जड आहे.

बाराव्या घराच्या मालकीणबाई आपल्याच. सगळे त्यांना आक्का म्हणतात. खाली दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, बस्ती पाच मिनिटांवर, भाडं साडेसहा हजार. वरच्या दोन खोल्याही रिकाम्या. आम्ही गेलो तेव्हा एक नर्सबाई लहान मुलाला घेऊन ओट्यावर उभ्या होत्या. आक्कांनी त्यांना आडनाव विचारलं आणि म्हणाल्या, "खोल्या द्यायच्या नाहीत सध्या." त्या म्हणाल्या, "मी घरात अंडंसुद्धा आणणार नाही, लिहून देते." आक्का नुसत्या हसल्या. मग आमच्याकडे वळून म्हणाल्या, "तुम्ही पाटील ना, आपल्यातलेच? मग काही प्रश्नच नाही." त्या बाई अजून पायरीवरच होत्या.

सासूबाई ओट्यावर बसल्या होत्या. त्यांनी आक्कांना विचारलं, "आक्का, घरात काय शिजतं ते बघायचं, का कुणाचं शिजतं ते?" आक्का काही बोलल्या नाहीत. वरच्या खोल्याही त्यांनी दिल्या नाहीत. घर आम्ही घेतलं, कारण आम्हाला त्याची गरज होती. नर्सबाईंचा नंबर मात्र मी मागून घेतला आणि तिसऱ्या मजल्याच्या फ्लॅटवाल्यांना दिला. तेही जैनच. त्यांनी घरात मांस-अंडी शिजवायची नाहीत एवढी अट करारात घातली आणि फ्लॅट दिला. त्यांचे पाय तरुण आहेत, जिन्याचं त्यांना काही वाटत नाही.

आपल्या शास्त्रात मुनींना अनगार म्हणतात आणि आपल्याला सागार. आगार म्हणजे घर. पंडित आशाधरजींनी श्रावकांच्या आचारावर लिहिलेल्या ग्रंथाचं नावच 'सागारधर्मामृत'. म्हणजे आपली ओळखच घरावरून आहे. मग एखाद्या बाईला घर नाकारताना आपण काय नाकारतो, याचा विचार नको का करायला? समंतभद्राचार्यांनी रत्नकरंड श्रावकाचारात आहार, औषध, उपकरण आणि आवास अशी चार दानं सांगितली. ती व्रतींच्या सेवेसाठी आहेत, हे मला माहीत आहे. भाड्याने खोली देणं काही दान नव्हे, पण निवाऱ्याची किंमत आचार्यांनी जेवण आणि औषधाच्या बरोबरीने धरली, एवढं तर त्यातून कळतं.

आपल्या वाडवडिलांनाही ते कळलं होतं. १८९९ साली स्थापन झालेल्या दक्षिण भारत जैन सभेने मुलांसाठी ठिकठिकाणी बोर्डिंगं चालवली. खेड्यातल्या मुलाला शहरात खोली मिळाली नाही तर शाळा मिळूनही तो शिकणार नाही, हे त्यांनी ओळखलं होतं. आपल्या कितीतरी घरांची पहिली पगाराची नोकरी त्या बोर्डिंगमधून आली आहे.

म्हणून ज्या मैत्रिणींच्या वरच्या खोल्या रिकाम्या आहेत, त्यांना सांगते. स्वयंपाकघराचा नियम सोडू नका. तो स्पष्ट सांगा, करारात लिहा, मोडला तर नोटीस द्या. पण आधी माणसाला घरात घेऊन बसवा, पाणी द्या, आणि आडनावाच्या आधी तिला विचारा, "बाळ कितवीत आहे?"

आक्कांशी माझं रोज बोलणं होतं. वरच्या खोल्यांचा विषय मी महिन्यातून एकदा काढते. मागच्या वेळी त्या म्हणाल्या, "बघू, पर्युषण झाल्यावर." याआधी त्या "बघू" सुद्धा म्हणत नव्हत्या.

जय जिनेंद्र.