पाहुण्याची मुंबई

पाहुण्याला मुंबई दाखवायची म्हणजे यजमानाच्या अंगात भलताच मालकीहक्क संचारतो. परवा कणकवलीचा माझा बालमित्र शनिवार-रविवार मुक्कामाला आला, तेव्हा १९२४ साली गेटवे ऑफ इंडिया मीच बांधून घेतल्याच्या थाटात मी त्याला हिंडविले. राजाबाई टॉवर झाला, राणीची बाग झाली, चौपाटीवर भेळ झाली. तो मुकाट्याने मान डोलवीत होता.

रविवारी दुपारी म्हणाला, "आता माका लालबागाक घेऊन चल."

लालबाग माझ्या यादीत नव्हते. त्याचे वडील तिथल्या एका गिरणीत साचेखात्यात होते, हे मला ठाऊक होते. आठवले मात्र नाही. एका खोलीत दहा-बारा जण पाळीपाळीने झोपत. १८ जानेवारी १९८२ रोजी संप सुरू झाला आणि ते गावी आले. संप मिटला की जाईन, म्हणत राहिले. तो रीतसर मागे घेतलाच गेला नाही. पडवीत बसून राहणाऱ्या बापाला माझ्या मित्राने, पंधरा वर्षांचा असताना, तोंडावर ऐतखाऊ म्हटले होते. हे त्याने मला बसमध्ये, खिडकीबाहेर पाहत सांगितले.

गिरणीच्या जागी काचेचा मनोरा होता. जुनी चिमणी तेवढी राखलेली. तिच्याकडे पाहत तो बराच वेळ उभा राहिला, तेव्हा फाटकावरचा पोरसवदा पहारेकरी पुढे आला. कोणाकडे जायचे आहे?

"माझे वडील इथे कामाला होते."

पहारेकऱ्याने आदराने वर पाहिले. "कितव्या मजल्यावर?"

"खालीच," तो म्हणाला, आणि चालू लागला.