पाचवा वाटा

ताटात थापलेल्या खोबऱ्याच्या वड्या पाडताना गृहिणी सुरी आधी सरळ चालविते, मग तिरकी. आणि गोल ताटाच्या काठाशी जे वेडेवाकडे तुकडे उरतात ते मुलांच्या हातावर ठेवते. शिंपी कापडावर खडू ओढण्यापूर्वी क्षणभर थांबतो आणि पाठ कोठे, बाह्या कोठे हे मनातल्या मनात बेततो. गवंडी पहिली फरशी बसवितानाच कोपऱ्यातली शेवटची फरशी किती छाटावी लागेल याचा अंदाज घेतो. या तिघांपैकी कोणीही आपण भूमिती करीत आहो असे म्हणणार नाही. तथापि, वाचकहो, गणिताचा एक अत्यंत रमणीय भाग याच तीन कामांभोवती फिरतो. आकृती कापावी कशी, मध्ये फट न ठेवता तुकडे जोडावे कसे, आणि एकच वस्तू अनेकांत वाटावी कशी, हे ते तीन प्रश्न होत.

माझे शिक्षण वाङ्मयाचे. इतरांचे लिखाण मराठीत आणणे हा माझा व्यवसाय. शब्द एका भाषेतून दुसरीत नेताना काही ना काही सांडतेच, हा रोजचा अनुभव. कोड्यातील कागदाच्या तुकड्याला मात्र भाषांतर लागत नाही. गुवाहाटीच्या मुलीने कापलेला चौकोन कोचीच्या मुलालाही तसाच जुळवावा लागतो. कदाचित म्हणूनच या कोड्यांचा मला लळा लागला असावा.

त्यांतले एक आपणही लहानपणी ऐकले असेल. एका शेतकऱ्याचे शेत अगदी चौरस होते. त्याने त्याचे चार सारखे चौरस पाडले, एका कोपऱ्यातला चौरस स्वतःसाठी ठेवला आणि उरलेले तीन चौरसांचे शेत चार मुलग्यांना दिले. अट अशी की, चौघांचे वाटे आकारानेही सारखे हवेत आणि क्षेत्रफळानेही. माझे आजोबा हे कोडे जेवणानंतर अंगणात काडीने रेघा ओढून घालीत. तीनाला चाराने भागता येत नाही म्हणून आम्ही मुले हिरमुसलो की ते म्हणत, "भागू नका, पाहा."

पाहू लागले की उत्तर सापडते. उरलेल्या प्रत्येक चौरसाची चार लहान घरे करा. एकूण बारा घरे होतात आणि प्रत्येकाच्या वाट्याला तीन येतात. मूळ शेताच्या मध्यबिंदूला तिन्ही चौरसांचे एकेक लहान घर टेकलेले असते. ती तीन घरे मिळून गवंड्याच्या काटकोनासारखी एक आकृती होते. हा पहिला वाटा. आता प्रत्येक चौरसात तीन घरे उरली, आणि त्यांचाही आकार नेमका तोच! मूळ शेताचीच चार लहान रूपे त्याच्या पोटात दडलेली होती.

याच आकृतीने १९५४ साली सॉलोमन गोलोम्ब या तरुण अमेरिकन गणितज्ञाच्या हातून एक नवल घडविले. बुद्धिबळाच्या पटावर चौसष्ट घरे असतात. त्यांतले कोणतेही एक घर झाका. उरलेली त्रेसष्ट घरे तीन तीन घरांच्या एकवीस काटकोनी तुकड्यांनी तंतोतंत भरता येतील काय? येतात, आणि कोणतेही घर झाकले तरी येतात. पटाचे चार सारखे भाग कल्पा. झाकलेले घर त्यांपैकी एकात आहे. पटाच्या मध्यावर एक तुकडा असा ठेवा की, उरलेल्या तीन भागांचे एकेक घर तो व्यापील. आता चारही भागांत एकेक घर गेलेले आहे. म्हणजे मूळचाच प्रश्न चार ठिकाणी, पण लहान होऊन, पुन्हा समोर आला. तीच युक्ती पुन्हा करावी, आणखी एकदा करावी, की पट भरला. मोठ्या अडचणीचे रूप न बदलता तिचा आकार तेवढा लहान करीत जाणे, हा धडा संसारातही उपयोगी पडण्याजोगा आहे.

पण काही गोष्टी कितीही प्रयत्न केला तरी होत नाहीत. त्याच पटाची समोरासमोरची दोन कोपऱ्यांतली घरे काढून टाका. उरली बासष्ट. दोन दोन घरांच्या एकतीस सोंगट्यांनी ती भरता येतील का, असा प्रश्न मॅक्स ब्लॅक या तत्त्वज्ञाने १९४६ साली आपल्या एका पुस्तकात विचारला. बासष्टाचे निम्मे एकतीस, तेव्हा भरता यावीत असे वाटते. रात्र रात्र बसले तरी भरत नाहीत. कारण अगदी साधे आहे. प्रत्येक सोंगटी एक काळे व एक पांढरे घर झाकते. आणि समोरासमोरचे कोपरे मात्र एकाच रंगाचे असतात. ते गेले म्हणजे एका रंगाची तीस घरे उरतात, दुसऱ्याची बत्तीस. "मला जमत नाही" आणि "हे होणारच नाही" या दोन वाक्यांत जे अंतर आहे, ते या कोड्याइतके स्वच्छ मला दुसरीकडे क्वचितच दिसले.

ही विद्या आपल्या देशाला नवी नाही. बौधायनाच्या शुल्बसूत्रात यज्ञवेदी रचण्याचे नियम आहेत. लहानमोठे दोन चौरस मिळून होईल तेवढा एकच चौरस कसा काढावा, हे तेथे दोरीच्या साह्याने सांगितले आहे. मोठ्या चौरसातून लहान चौरसाच्या बाजूइतक्या रुंदीची पट्टी घ्यावी. त्या पट्टीचा कर्ण हीच नव्या चौरसाची बाजू. पसरलेल्या पंखांच्या श्येनाच्या आकाराची वेदी पाच थरांची, प्रत्येक थरात दोनशे विटा. शिवाय एका थराचे सांधे लगतच्या थराच्या सांध्यांवर येता कामा नयेत. आजचा गवंडीही भिंत बांधताना सांधा मोडतो, तो याच शहाणपणाने.

आता जवळच्या काळातील एक गृहिणी पाहा. एकाच आकाराच्या पंचकोनी फरश्यांनी फट न ठेवता जमीन भरावयाची, तर असे पंचकोन किती प्रकारचे असू शकतात, हा प्रश्न विद्वानांना दीर्घकाळ छळीत होता. १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी एका विज्ञानविषयक मासिकात त्याविषयी लिहिले. ते मासिक अमेरिकेतील कॅलिफोर्नियात राहणाऱ्या मार्जरी राइस यांच्या घरी मुलासाठी येत असे. त्यांचे गणित शाळेपुरतेच होते. घरकाम करता करता, स्वयंपाकघरातील ओट्याशी, त्या आकृत्या काढू लागल्या. कोणी आले तर कागद झाकून ठेवीत. रूढ चिन्हे ठाऊक नव्हती, तेव्हा त्यांनी स्वतःची चिन्हे बनविली. दोनएक वर्षांत त्यांनी चार नवे प्रकार शोधून काढले, आणि डोरिस शॅटश्नायडर या गणितज्ञ विदुषींनी ते पारखून जगापुढे मांडले. पुढे २०१७ साली मायकेल राओ या गणितज्ञाने असे बहिर्वक्र पंचकोन पंधराच प्रकारचे असतात हे सिद्ध केले. त्या पंधरांपैकी चार एका ओट्यावर जन्मले आहेत.

येथवर आपण कापले आणि जोडले. तिसरा प्रश्न वाटण्याचा, आणि तेथे भूमितीला माणसाचे मन भेटते. कागदाच्या दोन सारख्या तुकड्यांत निवड नसते. जमिनीच्या दोन सारख्या तुकड्यांत असते.

आजोबांच्या पश्चात, २०१२ साली, आमच्या गावाकडील दहा एकरांची वाटणी निघाली. माझे वडील, तीन काका आणि एक आत्या. गावच्या रिवाजाप्रमाणे चार वाटे धरले गेले, आणि आत्याने हक्कसोडपत्रावर सही करावी असे कोणीतरी सहज सुचविले. त्यात दुष्टपणा नव्हता, सवय होती. आत्या रागावली नाही. ती थोरल्या काकांना एवढेच म्हणाली, "दादा, अण्णांच्या कोड्यात मुलगी नव्हती. पण अण्णांना होती."

कायदा तिच्या बाजूचा होता हे खरे. एकत्र हिंदू कुटुंबाच्या वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला जन्मतः मुलाइतका हक्क आंध्र प्रदेशाने १९८६ साली, तामिळनाडूने १९८९ साली, महाराष्ट्र व कर्नाटकाने १९९४ साली दिला, आणि २००५ साली तो साऱ्या देशासाठी झाला. परंतु तिने कायद्याचे नाव काढले नाही. थोरले काका बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "तर मग कोडेच नव्याने मांडू."

बारा घरांचे पाच वाटे सरळ पडत नाहीत. शेवटी असे ठरले की विहीर आणि गाडीवाट सामाईक राहील; उरलेल्या जमिनीचे पाच वाटे थोरल्या काकांनी पाडावे; धाकट्यापासून एकेकाने वाटा उचलावा आणि पाडणाऱ्याने सर्वांत शेवटी घ्यावा. दोन दिवस काकांनी रेघा ओढल्या आणि खोडल्या. विहिरीजवळचा वाटा त्यांनी लहान केला, माळाकडचा मोठा केला. आपल्या हाती कोणता उरेल हे ठाऊक नसलेला माणूस किती काळजीने रेघ ओढतो, ते मी तेव्हा पाहिले. धाकट्या काकांनी रस्त्याकडची जमीन घेतली. तेथे दुकान काढण्याचा त्यांचा विचार होता. आत्याने माळाकडचा वाटा उचलला, कारण आजीने लावलेले दोन आंबे त्या बांधावर आहेत. सर्वांना वाटले, तिने हलके घेतले. तिला वाटले, सर्वांत चांगले आपल्यालाच मिळाले. सातबाऱ्यावर पाच नावे लागली आणि हक्कसोडपत्राचा कागद कोराच राहिला.

गणिती म्हणेल, ही रीत निर्दोष नव्हे. आणि ते बरोबर आहे. दोघांत वाटावयाचे तर एकाने कापावे व दुसऱ्याने निवडावे, ही जुनी युक्ती पुरते. पुष्कळांत वाटताना मधल्या माणसाला स्वतःच्या मते न्याय्य असा वाटा मिळेलच, अशी हमी आमच्या रीतीत नव्हती. ह्यूगो स्टाइनहाउस या पोलिश गणितज्ञाने दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तिघांपुरते उत्तर शोधले. ते स्वतः त्या दिवसांत खोट्या नावाने लपून राहत होते. अधिक माणसांसाठीची रीत त्यांचे सहकारी बानाख व क्नास्टर यांनी काढली, आणि १९४८ साली ती प्रसिद्ध झाली. समजा, पाच जण आहेत. पहिल्याने स्वतःच्या दृष्टीने पाचवा हिस्सा होईल असा तुकडा काढावा. ज्याला तो जास्त वाटेल त्याने तो छाटून पाचव्या हिश्श्याएवढा करावा. छाटलेला भाग मूळ वस्तूत परत जातो. सर्वांची पाळी झाली की, ज्याने शेवटी हात लावला त्याचा तो तुकडा. उरलेल्या चौघांनी पुन्हा तेच करावे. यात कोणालाही आपल्या मोजणीने कमी मिळत नाही, कारण कमी मिळणे किंवा न मिळणे त्याच्याच हाती असते.

त्याच लेखात स्टाइनहाउस यांनी एक विलक्षण गोष्ट नोंदविली आहे. माणसांच्या आवडी भिन्न असल्या तर वाटणी बिकट होते, असा आपला समज. वस्तुतः आवडी भिन्न असल्या की प्रत्येकाला त्याच्या मोजणीने हिश्श्याहून अधिक देणारी वाटणी शक्य होते. आत्याचे आंबे आणि काकांचे दुकान आठवले की हा सिद्धांत मला उदाहरणासकट समजतो. मात्र त्यासाठी एक अट आहे. प्रत्येकाची आवड विचारली गेली पाहिजे, आणि विचारण्यापूर्वी त्याला वाटेकऱ्यांत धरले पाहिजे. सर्वांत चोख रीतसुद्धा जो मोजलाच गेला नाही त्याला काही देऊ शकत नाही.

म्हणून, वाचकहो, आजोबांचे कोडे आपण मुलांना अवश्य घाला. केवळ "चार मुलगे" असे न म्हणता "चार मुले" म्हणा. उत्तर तेच राहते, प्रश्न मात्र अधिक खरा होतो. आणि पाचव्या वाट्यासाठी हे एक नवे कोडे घ्या. पाच सारखे चौरस अधिक चिन्हासारखे जोडलेले आहेत, एक मध्ये व चार बाजूंना. ही आकृती कागदावर काढून कापून घ्या. तिच्यावर केवळ दोन सरळ रेघांनी कात्री चालवा आणि होणारे चार तुकडे जोडून एकच चौरस करा. तो होतो, याची खात्री बाळगा. उत्तर मी येथे देत नाही. रात्रीची जेवणे आटोपल्यावर कात्री एकीच्या हाती द्या, कागद दुसऱ्याच्या. आणि घरातले जे कोणी गप्प बसले असेल, त्याला आधी विचारा.