गच्चीवरचा बटाटा

मार्च लागला की देवास आणि धारमधल्या मराठी घरांच्या गच्च्यांवर जुनी धोतरं, सुती साड्या अंथरल्या जातात. त्यांवर वेफर्स पसरतात, शेजारी बटाट्याचा कीस. मंडईत मागायचा 'आलू', उंबरा ओलांडला की त्याचा 'बटाटा'. पवारांच्या संस्थानांबरोबर माळव्यात रुजलेल्या कुटुंबांनी हे दोन्ही शब्द पिढ्यान्‌पिढ्या सांभाळले आहेत.

आपल्याकडे 'बटाटा' हा शब्द पोर्तुगीजांनी आणला. त्याआधी स्पॅनिश खलाशांनी तो कॅरिबियन बेटांवरच्या ताईनो लोकांकडून उचलला होता. तिथे 'बताता' म्हणजे रताळं, आणि स्पॅनिशमध्ये आजही तोच अर्थ टिकून आहे. बटाट्याला दक्षिण अमेरिकेतल्या स्पॅनिशमध्ये क्वेचुआ भाषेतून आलेला 'पापा' म्हणतात. स्पेनमध्ये दोन्ही शब्द मिसळून 'पताता' झाला. तो तिथे सतत तोंडात असतो. अंड्यात घालून त्याची तोर्तिया करतात, कुणालाच नको असलेला प्रश्न 'गरम पताता' ठरतो, आणि फोटो काढताना हसरे चेहरे यावेत म्हणून सगळे 'पताता' म्हणतात.

इथे गच्चीवर मात्र त्याची परीक्षा वेगळी.

किसाचं कसब निवडीपासूनच सुरू होतं. शीतगृहाच्या थंडीत बटाट्यातल्या पिष्टाची साखर होते. असा बटाटा तळताना तपकिरी पडतो, कडवट लागतो. म्हणून जाणती बाई शेतातून नुकताच आलेला, घट्ट, हाताला जड लागणारा बटाटा घेते. माळव्याचा बटाटा या कामासाठी नावाजलेला आहे. त्यात पाणी आणि साखर कमी असल्याने वेफर्सचे कारखानेही तो उचलतात. पठारी प्रदेशासाठी १९७२ मध्ये आलेल्या एका जातीचं नाव आहे 'कुफरी लवकर': कुफरी हिमाचलातलं, 'लवकर' आपलं, कारण पीक लवकर हाती येतं.

कीस थेट पाण्यातच पडला पाहिजे. हवा लागली की काळा पडतो. पाणी नितळ होईपर्यंत धुवायचा, मग मीठ आणि चिमूटभर तुरटी घातलेल्या उकळत्या पाण्यात सोडायचा. खरी कसोटी इथेच. कच्चा राहिला तर वाळताना काळवंडतो, जास्त शिजला तर कापडाला चिकटतो. काडी नखाने सहज तुटली की लगेच उपसायचा. पाककृतींच्या पुस्तकांत इथे मिनिटं दिलेली असतात, ती देऊ नयेत. प्रत्येक बटाटा वेगळा शिजतो.

वाळलेली काडी कट्‌कन मोडली की कीस डब्यात भरायचा. यंदा करायचा असेल त्यांनी मंडईत नवा माल आहे तोवरच करावा. मे महिन्यात ऊन भरपूर असतं, पण तोपर्यंत बटाटा शीतगृहात गेलेला असतो.