चिमुरातली दुपार

माघातली घोडायात्रा उलगली, की चिमूर पुन्हा आपल्या संथ चालीवर येतं. अशाच एका दुपारी बालाजीचं दर्शन घेऊन आम्ही दोघं हुतात्मा स्मारकापाशी थांबलो. १६ ऑगस्ट १९४२, नागपंचमीचा दिवस. इथं चले जाव चळवळीतल्या मोर्चावर गोळीबार झाला. मग लष्करानं गावावर, बायकांवर अत्याचार केले. त्या अत्याचारांच्या चौकशीसाठी गांधीवादी प्रा. भन्साळींनी ६३ दिवस उपोषण केलं. ही बराच वेळ गप्प होती. तिच्या मनात त्या बायका असाव्यात. मी विचारलं नाही. परतताना तिनं भाव करून संत्री घेतली. अशा जागी सहलीचं सुख जरा ओशाळतं, पण त्यानं काही बिघडत नाही. ताडोबाला जोडीनं निघालात, तर वाघाआधी चिमूरला तासभर द्या.